केरू कुंभाराची बिनफळाची वेल

फार पूर्वी, निम्मं वर्ष बर्फ आणि उरलेलं वर्ष बर्फाची धास्ती, अशा एका उंच मुलखात दोन वाड्या होत्या. एक वरची आणि एक खालची. मध्ये खळाळता ओढा आणि दमवणारी चढण. वरच्या वाडीत मेंढपाळ राहत. खालच्या वाडीत शेतकरी, सुतार, विणकर आणि एकच कुंभार. कुंभाराचं नाव केरू, त्याच्या बायकोचं नाव ठकू, आणि त्यांची एकुलती लेक चिमा.

त्या मुलखात जव पिके, सलगम पिके, मेंढीचं दूध भरपूर मिळे. फळ मात्र कुठलंच होत नसे. जे लावावं ते थंडीनं जळून जाई. त्यामुळे हिवाळा सरत आला की माणसांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा ओल्या व्हायच्या. पोरं खेळ सोडून भिंतीला टेकून बसायची. दर हिवाळ्यात एखादं म्हातारं माणूस किंवा एखादं तान्हं जायचंच. लोक म्हणायचे, हा थंडीचा घास आहे, तो तिला द्यावाच लागतो.

एका वर्षी खिंडीपलीकडून आलेली एक वैदीण बर्फात अडकली. दोन्ही वाड्यांनी तिला आळीपाळीनं सांभाळलं. बर्फ वितळला तशी ती गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओल्या गवतात गुंडाळलेली रोपं खेचरावर लादून परत आली. एक जुडी तिनं वरच्या वाडीला दिली, एक खालच्या. तिनं सांगितलं की ही वेल थंडीला भीत नाही, पानं गाळून झोपी जाते आणि उन्हं तापली की जागी होते. पाणी साचेल तिथे लावू नका, उतारावर लावा. मांडव दणकट घाला, नाहीतर वेलच तो मोडून खाली आणील. कोवळे कोंब तेवढे जपा, कारण खोड कितीही चिवट असलं तरी कोंब एका गारठ्यात काळे पडतात. आणि फळाची घाई करू नका, बरीच वर्षं लागतील.

आज आपण बाजारातून तपकिरी, केसाळ किवी आणतो ना, तिचीच ही धाकटी, काटक बहीण. फळ बोराएवढं, हिरवं आणि गुळगुळीत. साल काढायची भानगड नाही, अख्खं तोंडात टाकायचं. त्या वाड्यांना किवी हे नाव कुठलं ठाऊक असणार? त्यांनी आपलं तिला वेलबोर म्हणायला सुरुवात केली.

खालच्या वाडीत प्रत्येक घराला एक रोप मिळालं. केरू मातीत हात घालून बसलेला होता, तो सगळ्यात शेवटी पोचला. जुडीत उरलेलं एक मरतुकडं रोप त्याला मिळालं. त्यानं ते जपून घरामागच्या उतारावर लावलं, जाडजूड खांब रोवून मांडव घातला, आणि भट्टीतली राख मुळांशी टाकत राहिला. रोप असं काही फोफावलं की वाडीतला सगळ्यात मोठा मांडव केरूचा झाला.

वर्षं गेली. एका उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या वेलींना फुलं आली. पांढरी, खाली मान घातलेली, मंद वासाची. केरूच्या वेलीला तर इतकी आली की मांडव दिसेना. मग फुलं गळली आणि घरोघरच्या वेलींना हिरव्या मण्यांचे घोस लागले. केरूच्या वेलीला पानांशिवाय काही राहिलं नाही.

फळं मोठी झाली तशी लोकांनी अधीर होऊन तोडून खाल्ली आणि तोंडं वाकडी केली. इतकी आंबट की डोळे मिटावेत. विणकराच्या घरी एक टोपली कोनाड्यात विसरली गेली. काही दिवसांनी पाहतात तो फळं मऊ पडलेली, साल किंचित सुरकुतलेली. टाकून द्यायच्या आधी विणकराच्या म्हातारीनं एक तोंडात टाकलं आणि ती लगेच दुसरं उचलू लागली. मधासारखं गोड, आणि गोडीच्या पोटात बारीकशी आंबट झाक. त्या दिवशी सगळ्या वाडीला उमगलं की हे फळ वेलीवर पिकू द्यायचं नाही. वेलीवर पिकलं तर गळतं, नासतं, पाखरं नेतात. एखादं कापून पाहायचं, आतली बी काळी झालेली दिसली की फळं टणक असतानाच उतरवायची. थंड जागी ठेवली तर ती टणकच राहतात. हवी तेवढी घरात आणून चुलीजवळ ठेवली की चार-सहा दिवसांत मऊ होतात.

ठेवायला भांडी केरूनं घडवली. रुंद तोंडाचे, जाड बुडाचे रांजण. तळाशी गवत, वर फळांचा थर, पुन्हा गवत. उतारात खणलेल्या गार पेवात ते रांजण ओळीनं उभे राहिले. बारकी आणि डागी फळं अर्धी चिरून ठकू भट्टीच्या उबेवर सुकवून द्यायची. ती तर बर्फ वितळेपर्यंत पुरत. त्या हिवाळ्यात हिरड्या सुजल्या नाहीत. पोरं बर्फातच खेळत राहिली. एकही माणूस गेलं नाही.

केरूच्या घरी शेजारी मूठ मूठ फळं पाठवत, त्याला काही कमी पडलं नाही. पण पुढच्या वर्षी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. फुलं उदंड, फळ एकही नाही. लोक आधी हळहळले, मग थट्टा करू लागले. केरूची वेल नुसती नटते, रांधत नाही, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. ठकूला ते लागायचं. दुसऱ्याच्या दारची फळं पदरात घेताना तिची मान खाली जायची. तिनं नवऱ्याला सांगितलं, ही वेल तोडा आणि शेजारच्या वेलीची फांदी आणून रुजवा. केरूलाही ते पटलं. फुलांचा बहर ओसरला की तोडायची, असं ठरलं.

त्याच दिवसांत चिमा माहेरी आली. तिला वरच्या वाडीत दिलं होतं. बोलता बोलता तिनं सांगितलं की वरच्या वाडीत आता वेलबोर होतच नाही. पहिली काही वर्षं फळं झाली. मग त्यांचा नाईक रायाजी यानं आपल्या अंगणातली वेल तोडून तिथे मेंढ्यांचा वाडगा बांधला. तिला नाहीतरी फळ येत नव्हतं. पण तेव्हापासून बाकीच्या वेलींनाही फुलं येतात आणि तशीच झडून जातात. कुणी म्हणतं देवीचा कोप आहे, कुणी म्हणतं वैदिणीची रोपंच म्हातारी झाली.

केरूनं ते ऐकलं आणि तो मांडवाखाली जाऊन उभा राहिला. वेल फुलांनी लगडली होती, मधमाश्यांचा नुसता घोंघाट चालला होता. त्यानं एक फूल तोडून तळहातावर घेतलं. आत काळपट तुरे आणि त्यांवर भुकटी. बोट लावलं की बोटाला चिकटावी अशी. मग तो शेजारच्या मांडवाखाली गेला. तिथल्या फुलात मधोमध एक हिरवी गोळी होती आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका. त्याच्या वेलीच्या एकाही फुलात ती गोळी नव्हती. तो तिथेच बसला आणि माश्या पाहत राहिला. त्याच्या वेलीवरून उठलेल्या माश्या भुकटीनं माखलेल्या अंगानं कुंपण ओलांडून शेजारच्या फुलांवर जाऊन बसत होत्या. तिथून पुढच्या मांडवावर, तिथून आणखी पुढे.

घरी येऊन त्यानं ठकूला सगळं सांगितलं. आपली वेल वांझ नाही, ती या सगळ्या वेलींचा नवरा आहे, असं तो म्हणाला तेव्हा चिमाला हसू फुटलं. ठकू हसली नाही. ती म्हणाली की असं असेल तर वाडीनं आपल्याला घरटी एक टोपली द्यायला हवी. वेल आपली, मांडव आपला, राबतो आपण.

केरू म्हणाला, "फूल माझं आहे ठकू, पण माशी माझी नाही आणि वारा माझा नाही. मागू कशाचं? मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, तर मी काय वेल तोडणार आहे?"

ठकूला ते पूर्ण पटलं नव्हतं, पण वेल तोडायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

केरूनं खालच्या वाडीच्या कारभाऱ्यांना मात्र ही गोष्ट सांगितली. आपल्यानंतर कुणी ही वेल तोडू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हातारे कारभारी माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांना हसू आवरलं नाही. वेलींना कुठे नवरे असतात का, असं म्हणून त्यांनी केरूच्या पाठीवर थाप मारली. वरची वाडी उंचावर आहे, तिथलं वारं फुलं झाडून टाकत असेल, असं त्यांनी त्याला समजावलं. गोष्ट वाडीभर झाली आणि थट्टेला नवा विषय मिळाला. केरू कुणावर रागावला नाही. तो वेलीला राख घालत राहिला.

पुढच्या वर्षी थंडी सरल्यासारखी वाटली. वेलींना कोवळे, लालसर कोंब फुटले. केरूनं वर्षाची सगळी भांडी घडवून, वाळवून, रचून भट्टी लावली होती. दोन्ही वाड्यांचे रांजण, हंडे, गाडगी, सगळं तिच्यात होतं. भट्टी पेटली की तिला अखंड लाकूड द्यावं लागतं. मध्येच हात आखडला तर आतला माल तडकतो आणि वर्ष वाया जातं.

भट्टी रंगात आली असतानाच, दिवस मावळायच्या सुमारास, खिंडीकडून वारं सुटलं. असलं बोचरं वारं हिवाळ्यातही क्वचित सुटे. वाडीत एकच धावपळ उडाली. लोकांनी घोंगड्या, गोणपाट, गवताच्या पेंढ्या, जे हाती लागेल ते आपापल्या वेलींवर टाकलं. लहान मांडव झाकून झाले. केरूचा मांडव अवाढव्य, त्याला पुरतील एवढ्या घोंगड्या सगळ्या वाडीत मिळून नव्हत्या.

वेल वाचवायची तर एकच उपाय होता. मांडवाखाली चहूबाजूंनी जाळ करायचा आणि उजाडेपर्यंत तेवत ठेवायचा. आणि तेवढं लाकूड साऱ्या घरात एकाच ठिकाणी होतं, भट्टीच्या तोंडाशी.

केरू कधी भट्टीकडे पाही, कधी वेलीकडे. वर्षभराची मेहनत एकीकडे, आणि जिचा थेट फायदा त्याच्या घराला नाही अशी वेल दुसरीकडे. त्याचा पाय उचलेना.

ठकू पुढे झाली. तिनं लाकडाचा पहिला भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"भांडी पुन्हा घडवाल तुम्ही," ती म्हणाली. "कोंब जळले तर या साली कुणाच्याच घरी फळ नाही. पोरांच्या हिरड्या मला पुन्हा पाहायच्या नाहीत. चला, उचला."

मग दोघांनी मिळून लाकूड वाहिलं. मांडवाखाली ठिकठिकाणी जाळ पेटले, धूर पानाफांद्यांत भरून राहिला. भट्टी हळूहळू निवत गेली. आतून भांडी तडकल्याचे आवाज येऊ लागले. केरूनं तिकडे पाठ केली आणि जाळात लाकूड सारत राहिला.

सकाळी ऊन आलं तेव्हा कुंपणाबाहेरचं गवत गोठून कडक झालं होतं, पण वेलीचे कोंब हिरवे होते. लोक आले, त्यांनी थंड पडलेली भट्टी पाहिली, फुटलेल्या मडक्यांचा ढीग पाहिला, आणि कपाळाला हात लावला. बिनफळाच्या वेलीपायी केरूनं वर्षभराचा माल घालवला, याला काय म्हणावं? कुणी त्याच्या तोंडावर काही बोललं नाही. बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं मात्र सगळ्यांनाच वाटलं. केरू दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची माती आणायला निघाला.

वेली फुलल्या. माश्या आल्या. त्या वर्षी खालच्या वाडीत वेलबोरांचे असे घोस लागले की मांडवांना टेकू द्यावे लागले. केरूनं उन्हाळाभर राबून थोडे तरी रांजण उभे केले. उरलेली फळं लोकांनी लाकडी खोक्यांत, भुश्शात घालून पेवात ठेवली.

तो हिवाळा फार कडक गेला. बर्फ छपरांपर्यंत चढला आणि हटायचं नाव घेईना. हिवाळा सरायच्या बेताला एके दुपारी वरच्या वाडीचा नाईक रायाजी दोन माणसांसह बर्फ तुडवत खाली आला. त्याचे गाल बसले होते, बोलताना हिरडीतून रक्त येत होतं. वरची निम्मी वाडी अंथरुणाला खिळली होती. म्हातारी माणसं उठत नव्हती. चिमा पोटुशी होती, तिच्याही पायांवर काळे-निळे डाग उमटले होते. रायाजीनं कारभाऱ्यांच्या दारात उभं राहून हात जोडले आणि असतील तेवढी वेलबोरं मागितली.

सगळी वाडी जमली. देण्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. कारभाऱ्यांना एकच कोडं पडलं होतं. त्यांनी विचारलं की रोपं एकाच वैदिणीची, मुलूख एकच, मग तुमच्याकडे फळ का नाही? तुमचे कोंब गारठ्यानं गेले की फुलं वाऱ्यानं झडली?

"कोंब झाकले होते, कारभारी," रायाजी म्हणाला. "फुलंही रग्गड आली. पण मी ती बिनफळाची वेल तोडली तेव्हापासून फळं धरतच नाहीत. बाकीच्यांना मी हातही लावला नव्हता. तोडली ती फक्त एकटी, निकामी."

हे ऐकून कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. केरूचे शब्द त्यांना आठवले, आणि आपण मारलेली थापही. त्यांनी जमलेल्या लोकांना केरूनं सांगितलेली ती गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही. विणकराची म्हातारी उठली, कोपऱ्यात उभ्या असलेल्या ठकूजवळ गेली आणि तिचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत धरले. इतकी वर्षं प्रत्येकानं जे फळ आपल्या वेलीचं म्हणून खाल्लं होतं, त्यात केरूची वेल होती. आणि त्या साली त्यांच्या तोंडी जे लागलं, ते केरूच्या थंड पडलेल्या भट्टीतून आलं होतं.

कारभाऱ्यांनी सगळ्यांदेखत केरूची क्षमा मागितली आणि विचारलं की घरटी एक टोपली तुझ्याकडे पोचती करतो, घेशील का? ठकूनं नवऱ्याकडे पाहिलं. केरूनं उत्तर द्यायचं तिच्यावरच सोपवलं.

ठकू म्हणाली, "घेते. आणि लगेच वर पाठवते. बर्फ पुन्हा पडायच्या आत निघायला हवं."

पेवं उघडली गेली. टणक फळं, सुकवलेल्या फोडी, जे होतं ते पाठींवर बांधून खालच्या वाडीची माणसं चढण चढली. ठकू सगळ्यांच्या पुढे होती. घरोघर चुलीजवळ फळं मऊ करून, कुस्करून आजाऱ्यांना भरवली. रोज थोडी थोडी. काही दिवसांतच हिरड्यांचं रक्त थांबलं, माणसं उठून बसू लागली. त्या हिवाळ्यात वरच्या वाडीतलं कुणीही दगावलं नाही. बर्फ वितळता वितळता चिमाला मुलगी झाली, ठणठणीत.

वसंतात रायाजी पुन्हा खाली आला. या वेळी त्याला फळ नको होतं, केरूच्या वेलीची फांदी हवी होती, पण मागायला जीभ रेटेना. केरू समजला. त्यानं आपल्या वेलीच्या निवडक फांद्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि त्या कशा रुजवायच्या ते दाखवायला स्वतः वर गेला. रायाजीनं आपल्या हातानं बांधलेला मेंढ्यांचा वाडगा मोडला आणि ती जागा मोकळी करून दिली.

आणखी काही वर्षांनी तिथली वेल फुलली आणि वरच्या वाडीचे मांडव पुन्हा फळांनी वाकले. केरू आणि ठकू तोवर थकली होती. भट्टी विझायची आता काळजी नव्हती, कारण दोन्ही वाड्यांतली माणसं पाळी लावून तिला लाकूड घालायला येत.

चिमाची मुलगी चांगली बोलकी झाली होती. एकदा रायाजी वेलींना पाणी घालत असताना ती त्याच्या मागे मागे हिंडत होती. सगळ्या वेलींना घोस दिसत होते, पण अंगणातल्या वेलीला नुसती पानं. तिनं विचारलं की हिला तर काहीच येत नाही, मग हिला पाणी कशाला घालायचं?

रायाजी खाली बसला आणि हातातली घागर त्यानं तिच्या हातात दिली.

"ही तुझ्या आज्याची वेल आहे," तो म्हणाला. "ही स्वतःसाठी काही ठेवत नाही. म्हणून पाणी आधी हिला."

तात्पर्य एवढंच : ज्याच्या पदरी फळ दिसत नाही त्याला निकामी म्हणू नये, पुष्कळांच्या तोंडचा घास त्याच्याच जिवावर गोड झालेला असतो.